लक्ष कोणाचें नाहीं?

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० सालापासून त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकांतून प्रसिद्ध होऊं लागली. ती वाचतांना शंकरमामंजींचा संताप न येणारा वाचक विरळाच. परंतु आमच्या मतें या कृतींत कांहीं दोष असेल तर तो हाच. मामंजी इतके काळेकुट्ट रंगविले आहेत कीं, आपण स्वतः निर्दोष असल्याचा सुखद भास वाचकास होतो. वस्तुतः मामंजींची यमूवर नजर होतीच. दुष्टाचें लक्ष नेहमींच बारीक असतें. लक्ष नसतें तें भल्या माणसांचें. कन्या, सून, विधवा या नात्यांनीं तिला सारे ओळखतात. त्या नात्यांआडची यमू, पति आणि दादा सोडल्यास, क्वचितच कोणास दिसते. म्हणूनच आपट्यांनीं तिची कहाणी तिच्याच तोंडून वदविली, आणि येथेंच त्यांची खरी थोरवी आम्हांस दिसते.

काळ पालटला, प्रश्न मात्र तोच आहे. पुस्तक मिटून डोळे पुसतांना जिनें चहाचा पेला हळूच पुढें ठेवला, तिच्या मुखाकडे आपण पाहिलें काय, हें वाचकांनीं स्वतःसच विचारावें.