घरचे नियम आणि दोन क्लासचे पात्र : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील मल्टिक्लासिंगची चिकित्सा

उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर विद्यार्थ्यांना
• मल्टिक्लासिंगच्या नियमात काळानुसार झालेले मुख्य बदल सांगता येतील.
• छापील नियम आणि घरचा नियम यांतील नाते स्पष्ट करता येईल.
• एखाद्या घरच्या नियमाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, हे ठरवता येईल.

१. प्रस्तावना

खेळाचे नियम ही समीक्षेची सामग्री होऊ शकते का, असा प्रश्न विद्यार्थी सुरुवातीला विचारतात. कथा-कादंबरीत पात्राला काय करता येईल हे लेखक ठरवतो. टेबलावर बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळात (रोलप्लेइंग गेम) ते नियम ठरवतात आणि त्या नियमांच्या चौकटीत खेळाडू पात्र घडवतात. म्हणून नियमाची वाक्येही संहितेसारखी वाचता येतात. त्यांत माणसाविषयी, शिकण्याविषयी आणि न्यायाविषयी काही गृहीतके दडलेली असतात.

प्रस्तुत घटकात आपण एकच नियम घेणार आहोत : एका पात्राने दोन क्लास घेणे, म्हणजे मल्टिक्लासिंग. हा नियम अनेक गट जसाच्या तसा वापरत नाहीत. कोणी त्यावर बंदी घालतो, कोणी अटी वाढवतो, कोणी त्या काढून टाकतो. अशा स्थानिक दुरुस्त्यांना ‘हाउस रूल’ म्हणतात. आपण त्यांना घरचे नियम म्हणू.

घरचा नियम ही कल्पना आपल्याला नवी नाही. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘कंपाउंडबाहेर मारला तर आउट’ हा नियम असतो, तसाच सर्वांत लहान भिडूला ‘कच्चा लिंबू’ ठरवून आउट न देण्याचाही असतो. पहिला नियम पुढे असलेल्याला अडवतो, तर दुसरा मागे पडणाऱ्याला उचलतो. हा फरक लक्षात ठेवावा. मल्टिक्लासिंगवरचे बहुतेक घरचे नियम पहिल्या जातीचे आहेत, आणि खरी गरज दुसऱ्या जातीच्या नियमांची आहे, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. ‘क्लास’ म्हणजे काय?

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात तीनच क्लास होते : लढवय्या, जादूगार आणि धर्मसेवक (क्लेरिक). मराठीत ‘क्लास’ला ‘वर्ग’ म्हटले तर शाळेतली इयत्ता किंवा सामाजिक वर्ग आठवतो. ‘पेशा’ हा शब्द अधिक जवळचा आहे, परंतु तोही पुरा पडत नाही. कारण क्लासमध्ये एकाच वेळी तीन गोष्टी असतात : पात्राचे पूर्वायुष्य, त्याच्या क्षमतांचा संच आणि गटातली त्याची जागा. पूर्वायुष्य बदलू शकते. क्षमतांचा संच मात्र कोणी निवडून वेचू लागला की असमतोल होतो, आणि दुसऱ्याची जागा व्यापली गेली की टेबलावर रुसवाफुगवी होते. मल्टिक्लासिंगवरचे वाद या तीन अर्थांच्या गुंत्यातून येतात. म्हणून या घटकात आपण खेळाडूंच्या तोंडचा ‘क्लास’ हाच शब्द वापरू.

३. नियमाची वाटचाल

१९७८ च्या ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये दोन वेगळ्या वाटा होत्या. एल्फ, ड्वार्फ यांसारखी मनुष्येतर पात्रे एकाच वेळी दोन-तीन क्लास चालवू शकत आणि मिळालेले अनुभवगुण त्यांत समान वाटले जात. मनुष्य-पात्राला मात्र जुना क्लास थांबवून नवा घ्यावा लागे. त्यासाठी जुन्या क्लासच्या प्रमुख गुणात किमान १५ आणि नव्या क्लासच्या प्रमुख गुणात किमान १७ अंक लागत. नव्या क्लासची पातळी जुन्यापेक्षा वर जाईपर्यंत जुने कौशल्य वापरले तर अनुभवगुणांवर पाणी सोडावे लागे.

याच नियमांत मनुष्येतर पात्रांना पातळीची कमाल मर्यादाही होती. एल्फ फायटरला ७ व्या पातळीपुढे वाट नव्हती. मनुष्य-पात्रे आकर्षक राहावीत हा त्यामागचा हेतू होता. तरीही पेशा जन्मावरून आणि त्यात किती वर चढायचे हेही जन्मावरून, ही रचना भारतीय वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. त्या काळीही या मर्यादा अनेकांना खटकत, आणि त्या शिथिल करणे हा एक नेहमीचा घरचा नियम होता.

२००० मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि जन्मावरची बंधने जवळजवळ संपली. प्रत्येक नव्या पातळीला कोणताही क्लास घ्यावा, अशी मुभा मिळाली. उरला तो एक दंड : दोन क्लासच्या पातळ्यांत एकापेक्षा जास्त अंतर पडले तर अनुभवगुणांत २० टक्के कपात. प्रत्येक वंशाचा एक आवडता क्लास या हिशेबातून वगळला जाई. २००९ च्या ‘पाथफाइंडर’ने हा दंड काढून टाकला.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीत दुसरा क्लास हा ‘फीट’ खर्चून घ्यायचा पाहुणा झाला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने तिसऱ्या आवृत्तीची मुभा परत आणली, पण तो नियम ‘ऐच्छिक’ म्हणून छापला. जुन्या आणि नव्या अशा दोन्ही क्लासच्या प्रमुख गुणांत किमान १३ अंक, ही त्याची मुख्य अट आहे.

४. सहाव्या पातळीचा हिशेब

ही वाटचाल स्वातंत्र्याच्या वाढीची आहे असे वरवर दिसते. आता एकच उदाहरण तीन आवृत्त्यांत ठेवून पाहू : निम्मा फायटर, निम्मा विझर्ड. तलवार आणि मंत्र दोन्ही शिकलेले हे पात्र कथेच्या दृष्टीने अगदी नैसर्गिक आहे.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ४०,००० अनुभवगुणांवर नुसता फायटर ६ व्या पातळीवर असतो आणि नुसता विझर्डही ६ व्या. हेच गुण एखाद्या एल्फ पात्राने दोन क्लासांत वाटले, तर प्रत्येकी २०,००० येतात आणि ते पात्र फायटर ५ / विझर्ड ५ होते. त्या पातळ्यांत पुढच्या पायरीचा खर्च साधारण दुप्पट होत जातो, म्हणून गुण निम्मे झाले तरी पात्र एकच पातळी मागे राहते. पाचव्या पातळीच्या विझर्डला तिसऱ्या श्रेणीचे मंत्र मिळतात. ‘फायरबॉल’ त्याच्या हाती आहे.

तिसऱ्या आवृत्तीत गुण वाटले जात नाहीत, पातळ्या वाटल्या जातात. सहा पातळ्यांचे दोन भाग म्हणजे फायटर ३ / विझर्ड ३. नुसत्या फायटरला ६ व्या पातळीवर दुसरा वार मिळतो. आपल्या पात्राचा मूळ आक्रमणांक +४, म्हणून त्याला तो नाही. विझर्ड ३ असल्याने त्याचे मंत्र दुसऱ्या श्रेणीवर थांबतात, म्हणून फायरबॉलही नाही.

पाचव्या आवृत्तीत काही दुरुस्त्या झाल्या. प्रावीण्यांक एकूण पातळीवरून मोजला जातो आणि दोन मंत्रधारी क्लासांच्या मंत्रजागा एकत्र धरल्या जातात. पण दुसरा वार आणि तिसऱ्या श्रेणीचे मंत्र या दोन्ही मोठ्या पायऱ्या त्या-त्या क्लासच्या ५ व्या पातळीवर आहेत. फायटर ३ / विझर्ड ३ या पात्राला दोन्ही नाहीत. शिवाय गुणवाढही क्लासच्या पातळीवर मोजली जाते. नुसत्या फायटरला ६ व्या पातळीपर्यंत ती दोनदा मिळते आणि विझर्डला एकदा, तर आपल्या पात्राला एकदाही नाही.

याउलट, एका क्लासात पुढे जाऊन दुसऱ्यात फक्त डोकावणाऱ्याला लाभ होतो. २०१४ च्या नियमांत विझर्डने फायटरच्या दोन पातळ्या घेतल्या की ‘अॅक्शन सर्ज’ मिळतो आणि एका फेरीत दोन मोठे मंत्र टाकता येतात. वॉरलॉकच्या दोन पातळ्या घेणाऱ्याचा ‘एल्ड्रिच ब्लास्ट’ तर एकूण पातळीनुसार वाढतच राहतो. खेळाडू याला ‘डिप’ म्हणतात. थोडक्यात, नियमाचा पाया बदलला तेव्हा दोन पेशे मनापासून जगणारा मागे पडला आणि चव घेऊन निघून जाणारा पुढे गेला. तिसऱ्या आवृत्तीचा दंड विषम पात्रांवर होता, पण तिचे गणित सम पात्रांनाच मारत होते.

५. प्रचलित घरच्या नियमांची चिकित्सा

५.१ संपूर्ण बंदी. ‘आमच्या टेबलावर मल्टिक्लासिंग नाही.’ हा नियम सोपा, स्पष्ट आणि सर्वांना समान आहे. नवख्या गटासाठी तो योग्यही ठरतो. मात्र त्यात डिप करणारा आणि दोन पेशे जगणारा यांना एकच शिक्षा होते. बंदी घालणाऱ्या डंजन मास्टरने निदान पर्याय दाखवावा. ‘एल्ड्रिच नाइट’सारख्या उपक्लासातून तलवार आणि मंत्र यांचा मेळ बराचसा साधता येतो.

५.२ ‘गोष्टीत कारण दाखवा.’ नवा क्लास घेण्यापूर्वी गुरू शोधावा, काही महिने शिकावे, अशी अट अनेक गट घालतात. कथेच्या दृष्टीने ती आकर्षक आहे. अडचण अशी की हा पुरावा एकाच खेळाडूकडे मागितला जातो. नुसता विझर्ड रातोरात नवे मंत्र शिकतो, तेव्हा ‘कोणाकडून शिकलास?’ असे कोणी विचारत नाही. अट ठेवायची तर प्रत्येक पातळीवाढीला सर्वांसाठी ठेवावी. शिवाय कारण रचण्यात वाकबगार खेळाडू डिपचेही सुंदर कारण रचतो, आणि बुजरा खेळाडू मात्र अडतो.

५.३ किमान पातळ्यांची अट. ‘एका क्लासात तीन पातळ्या झाल्याशिवाय दुसरा नाही.’ हा नियम डिपवर नेमका बसतो. २०२४ च्या सुधारित ‘प्लेयर्स हँडबुक’ची दिशाही तीच आहे : सर्व उपक्लास तिसऱ्या पातळीवर नेले आणि ‘अॅक्शन सर्ज’मधून मंत्रांची कृती वगळली. तरीही आपल्या फायटर ३ / विझर्ड ३ पात्राला यातून काहीच मिळत नाही. गुणवाढ अजूनही क्लासच्याच पातळीवर आहे.

५.४ १३ अंकांची अट काढणे. वरवर ही ढिलाई वाटते. पण ही अट आज कोणाला अडवते ते पाहावे. बार्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉक या तिघांचा प्रमुख गुण करिश्मा आहे, आणि पॅलॅडिनला बळाबरोबर तोच लागतो. म्हणून सर्वांत प्रबळ मिश्रणे या चौघांत जमतात आणि त्यांना अट जाणवतही नाही. फायटर-विझर्डला मात्र बळ किंवा चपळतेबरोबर बुद्धीतही १३ जुळवावे लागतात. अट काढल्याने लबाडाला फारसे नवे काही मिळत नाही, प्रामाणिकाचे ओझे मात्र हलके होते. ढिला दिसणारा हा नियम म्हणूनच वरच्या तिन्हींपेक्षा अधिक न्याय्य आहे.

५.५ एखादीच पळवाट बुजवणे. सॉर्सरर-वॉरलॉक पात्र रात्रीची विश्रांती टाळून लहान विश्रांत्यांवर मंत्रजागा साठवत राहते, या युक्तीला ‘कॉफीलॉक’ म्हणतात. दीर्घ विश्रांती टाळणाऱ्याला थकव्याचा नियम लावणे ही नेमकी दुरुस्ती होय. २०१७ च्या ‘झनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग’मध्ये तसा ऐच्छिक नियम आलाही. असा नियम एका छिद्रापुरता असतो आणि इतरांना त्रास देत नाही.

५.६ सर्वांना दोन क्लास. २००४ च्या ‘अनअर्थ्ड आर्काना’तील ‘गेस्टाल्ट’ पद्धतीत प्रत्येक पातळीला दोन क्लास एकत्र वाढतात आणि दोन्हींतले सरस ते घेतले जाते. दोन-तीन खेळाडूंच्या गटात ही पद्धत उपयोगी पडते, कारण रिकाम्या जागा भरून निघतात. ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीतील ‘फ्री आर्किटाइप’ हा ऐच्छिक नियम याचेच सौम्य रूप आहे. मूळ क्लास अबाधित ठेवून प्रत्येक सम पातळीला दुसऱ्या वाटेचा एक फीट सर्वांना जादा मिळतो. दोन्हींत कोणी मागे पडत नाही. पात्रे अधिक सबळ होतात, म्हणून डंजन मास्टरला आव्हाने वाढवावी लागतात. ही त्याची किंमत.

६. मूल्यमापनाचे निकष

वरील चिकित्सेतून तीन प्रश्न हाती येतात.

पहिला : हा नियम कोणाला अडवतो आणि कोणाला उचलतो? दुसरा : त्याचा भार सर्वांवर सारखा पडतो का? तिसरा : तो पात्रे रचण्यापूर्वी सांगितला आहे का? सहा महिने खेळल्यावर घातलेली अट नियम म्हणून कितीही योग्य असो, ती त्या एका खेळाडूविरुद्धचा निकाल ठरते.

या निकषांवर एक साधा नियम सुचवता येईल. ज्याच्या दोन क्लासच्या पातळ्यांत एकापेक्षा जास्त अंतर नाही, त्याला गुणवाढ एकूण पातळीनुसार द्यावी. तिसऱ्या आवृत्तीने विषमतेला दंड केला होता, इथे समतेला बक्षीस आहे. याने दुसऱ्या वाराची उणीव भरून निघत नाही, हेही नोंदवावे. पण सहाव्या पातळीवर आपले फायटर-विझर्ड पात्र निदान एका गुणवाढीचे धनी होते, आणि डिप करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

७. समारोप

घरचा नियम हा छापील नियमावरचा अभिप्राय असतो. तो लिहिणाऱ्याने मूळ नियम कसा वाचला, हे त्यातून कळते. मल्टिक्लासिंगच्या बाबतीत बहुतेकांनी तो संशयाने वाचला. नियमावलीतून जास्तीत जास्त लाभ काढणारा एक खेळाडू डोळ्यांसमोर ठेवून सर्वांसाठी कुंपण घातले. त्या कुंपणाबाहेर राहिला तो ज्याला पात्राचे आयुष्य मध्येच वळलेले दाखवायचे होते : शिपाई, ज्याने उशिरा पोथी उघडली. भूमिका-खेळाचे मोल अशाच वळणांत आहे. त्यासाठी कुंपणाइतकाच कच्च्या लिंबूचाही विचार नियमात हवा.

८. स्वाध्याय

१. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीतील मल्टिक्लासिंगच्या गणितातील मूलभूत फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
२. ‘गोष्टीत कारण दाखवा’ या घरच्या नियमाचे गुणदोष लिहा.
३. तुमच्या परिचयाच्या कोणत्याही खेळातील एक घरचा नियम घ्या आणि तो अडवणारा आहे की उचलणारा, याची चर्चा करा.