गोधडीची ऊब पुरे, आता टाका पाहू

गेल्या पावसाळ्यात मला षटकोनांचं वेड लागलं. रात्री झोपण्याआधी फोन चाळताना एक व्हिडिओ समोर आला. कुणा परदेशी बाईची फक्त बोटं, एक कागदी षटकोन, त्यावर दुमडलेलं फुलाफुलांचं कापड आणि कडेकडेनं चालणारी बारीक सुई. बोलणं नाही, मागे पावसाचा आवाज. मी तो तीनदा पाहिला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. आठवड्याभरात जुन्या वह्यांच्या पानांचे षटकोन कापून मी अंबडच्या आमच्या घरात खिडकीपाशी शिवत बसले होते. रस्त्यावरून दुसऱ्या शिफ्टच्या बसेस एमआयडीसीकडे जात होत्या आणि मी सात षटकोनांचं एक फूल करत होते. त्याला तीन संध्याकाळी लागल्या.

आईनं ते फूल हातात घेतलं. आधी उलटं केलं, मागचे टाके पाहिले. मग म्हणाली, "बारीक जमलंय. पण एवढ्याशा तुकड्याला तीन दिवस? आणि काय गं, आपल्या गोधड्या कुठं आहेत ते तरी माहितीय का तुला?"

मला माहीत नव्हतं. एक माळ्यावर होती, जुन्या कुलरच्या मागे. दुसरी रोज माझ्या डोळ्यांसमोर होती. इस्त्रीच्या टेबलावर चार घड्या घालून अंथरलेली. तिच्यावर मी दोन वर्षं ऑफिसचे कपडे इस्त्री करत होते.

हा लेख त्या दुसऱ्या गोधडीबद्दल आहे. पण तिच्याकडे बघायला मी त्या षटकोनांमुळे शिकले, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

कागदाची जादू

'इंग्लिश पेपर पीसिंग' या नावानं ओळखली जाणारी ही पद्धत सोपी आहे. कागदाचा नेमका आकार कापायचा, बहुतेक वेळा षटकोन. त्याच्यापेक्षा थोडं मोठं कापड घेऊन कडा कागदावर दुमडायच्या आणि कच्च्या टाक्यानं धरून ठेवायच्या. असे दोन तुकडे तोंडाला तोंड लावून कडेनं बारीक टाक्यांनी जोडायचे. एका षटकोनाला सहाही बाजूंनी शेजारी मिळाले की त्याचा कागद काढून घ्यायचा. तोवर कापडानं आकार धरलेला असतो.

आकर्षण नेमकं कशाचं? एक तर खात्रीचं. षटकोनाचा प्रत्येक कोन 120 अंशांचा, त्यामुळे एका बिंदूवर तीन षटकोन आले की फट उरत नाही. कागद नेमका कापला असेल तर शिकाऊ हातालाही भूमिती साथ देते. दुसरं म्हणजे काम छोटं आहे. डब्याएवढ्या पिशवीत मावतं, बसमध्ये करता येतं, अर्धवट सोडता येतं. दिवसभर स्क्रीनवर अशी कामं करायची जी कधी 'झाली' असं वाटतच नाही, आणि संध्याकाळी एक षटकोन पूर्ण व्हायचा. माझ्या वयाच्या माणसाला याची भुरळ पडली नाही तरच नवल.

तिसरं कारण मला उशिरा कळलं. या कामाला इतिहास आहे आणि तो नीट जपलेला आहे. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या क्विल्टर्स गिल्डकडे 1718 हे साल शिवलेली एक रेशमी ओढणीवजा चादर आहे, कागदी साच्यांवर जोडलेली. अर्धवट राहिलेल्या जुन्या कामांत आतले कागद अजून सापडतात: पत्रं, हिशेबाच्या वह्या, वर्तमानपत्रं. त्यावरून अभ्यासक कामाचा काळ ठरवतात. 1942 मध्ये जपाननं सिंगापूर घेतल्यावर चांगीच्या तुरुंगात अडकलेल्या गर्ल गाइड मुलींनी चिंध्या जमवून, षटकोनांची फुलं जोडून आपल्या गाइडताईंसाठी वाढदिवसाची चादर शिवली आणि त्यात आपली नावं भरली. ती चादर आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे.

म्हणजे तिथे टाका हा पुरावा मानला जातो. कुणी शिवलं, कधी, कशावर, कुठल्या अडचणीत, हे प्रश्न विचारायची पद्धत आहे. आपल्याकडे इस्त्रीखाली अंथरलेल्या वस्तूला हे प्रश्न कुणी विचारले होते? मी तरी नाही.

एका गोधडीचं वाचन

मी गोधडी टेबलावरून काढली, उन्हात टाकली आणि टेप घेऊन बसले.

लांबी साधारण सहा फूट, रुंदी चार. वरच्या अंगाला आजीचं हिरवं नऊवारी लुगडं, खालच्या अंगाला आईची दोन सुती पातळं. आत काय आहे ते एका फाटल्या कोपऱ्यातून दिसतं: धोतराचे तुकडे, फ्रॉक, एक पडदा. धावदोऱ्याच्या रांगा एकमेकींपासून सुमारे दोन सेंटिमीटरवर. त्या आडव्या-उभ्या नाहीत. कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन असं करत आत मध्यापर्यंत जातात. मी हिशेब केला: एवढ्या क्षेत्रफळावर एवढ्या अंतरानं रांगा घातल्या तर दोऱ्याची वाट शंभर मीटरच्या वर जाते. सेंटिमीटरला एक टाका धरला तरी दहा हजारांहून जास्त टाके. कागद नाही, खुणेची रेघ नाही, खडू नाही.

इथे एक तांत्रिक फरक आहे. षटकोनांच्या कामात जोडणं आणि थर शिवणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आधी वरचा पदर पूर्ण करायचा, मग आतला थर आणि अस्तर लावून सगळं एकत्र शिवायचं. गोधडीत दोन्ही एकाच टाक्यात होतं. जो टाका ठिगळ धरतो तोच पाच-सहा थर धरतो. कडेनं आत येताना कापड मध्याकडे सरकत जातं, म्हणून प्रत्येक फेरीला तळहातानं सपाट करत जावं लागतं. नाहीतर शेवटी मध्यभागी फुगा उरतो. आईच्या गोधडीत फुगा नाही.

चारही कडांना निळ्या जाड कापडाची पट्टी आहे. ती बाबांच्या कंपनीच्या जुन्या युनिफॉर्मची. मला ती पाहून भरून आलं. वाटलं, घरच्या प्रत्येकाला आईनं गोधडीत जागा दिली. तिला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "टेरिकॉट आहे ते. मध्ये घातलं तर सुई जात नाही, अंगालाही टोचतं. आणि गोधडी आधी कडेलाच फाटते, तिथंच धरून ओढतात ना सगळे. म्हणून जाड कापड कडेला."

मग मी मध्याजवळची एक जागा दाखवली. तिथे चार-पाच रांगा वाकड्या झाल्यात आणि टाके लांब पडलेत. मनात माझ्याच जन्माची वगैरे गोष्ट तयार होती.

"तिथं ना? लोडशेडिंग होतं."

या दोन उत्तरांनी माझी गोधडीकडे बघायची सवय मोडली. तिथे मला माया दिसत होती, आणि आई मला साहित्याचं ज्ञान, झिजेचा अंदाज आणि विजेचं वेळापत्रक सांगत होती. हे सगळं कापडावर उघड लिहिलेलं होतं. मीच ते वाचलं नव्हतं.

आई आणि संत

मराठीत गोधडीबद्दल बोलायला लागलं की तिसऱ्या वाक्याला 'ऊब' येते. शाळेच्या पाठ्यपुस्तकात कैलास दौंड यांची 'गोधडी' ही कविता आपल्यातल्या अनेकांनी वाचली. ती चांगली आहे आणि तिच्या जागी ती योग्यच आहे. तक्रार कवितेबद्दल नाही. तक्रार अशी की तिच्यानंतर आपण पुढे काही विचारलंच नाही. मदर्स डेच्या पोस्टपासून हस्तकलेच्या दुकानातल्या लेबलपर्यंत एकच वाक्य फिरतं: आजीच्या मायेची ऊब.

गोधडीची दुसरी प्रतिमा वैराग्याची. अंगावर चिंध्या पांघरून गावोगाव झाडू मारत फिरणाऱ्या गाडगे महाराजांना लोक गोधडे महाराजही म्हणत. म्हणजे आपल्या कल्पनेत गोधडीशी जोडलेली माणसं दोनच, आई आणि संत. आणि या दोघांनाही मजुरी द्यावी लागत नाही.

ऊब खोटी आहे असं मी म्हणत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या पाऱ्याची बातमी येते तेव्हा नाशिककराला ऊब म्हणजे काय ते चांगलं कळतं. पण ऊब हा गोधडीचा परिणाम आहे. ती कशानं येते ते टाक्यांत दिसतं. फक्त परिणामाचं कौतुक केलं की करणारीचं कसब आपोआप स्वभावात जमा होतं: आई आहे, म्हणून शिवलं. स्वभावाला कोण दाम देतं?

याच्या उलट टोकाची चूक अमेरिकेत झाली. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं जुन्या गोधड्या पलंगावरून उचलून भिंतीवर टांगल्या, अमूर्त चित्रांसारख्या. मोठं कौतुक झालं. पण दोनच वर्षांनी पॅट्रिशिया मेनार्डी या चित्रकार-समीक्षक बाईंनी खरमरीत लेख लिहिला. गोधडीला आधुनिक चित्रकलेची पूर्वज ठरवताना शिवणाऱ्या बायका मात्र 'अनाम' राहतात, खरं तर कित्येकींनी आपल्या कामावर नाव आणि साल शिवलेलं असतं, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे 2002 मध्ये त्याच म्युझियममध्ये अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या नावानिशी आल्या, गाजल्या. तरी 2007 मध्ये त्यांच्यातल्या काहींनी मोबदल्यावरून खटले भरले. पुढच्या वर्षी ते मिटले. नाव लागलं म्हणून पैशाचा प्रश्न सुटला, असं होत नाही.

जवळचं आणि मला जास्त पटणारं उदाहरण उत्तर कन्नडचं आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायका 'कवंदी' शिवतात, आपल्या गोधडीसारखीच, कडेकडेनं फिरत मध्याकडे जाणारी. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची 'फुलं' लावतात. ती नसतील तर कवंदी उघडी राहिली असं त्या मानतात, असं कलाइतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी नोंदवलं आहे. म्हणजे त्यांच्याकडे पूर्ण काम कोणतं आणि अपुरं कोणतं याचा स्वतःचा निकष आहे. ती त्यांची समीक्षा आहे, आणि ती शिवणाऱ्यांनीच केलेली आहे. आईनं माझं फूल हातात घेतल्याबरोबर उलटं केलं, तेही तेच होतं.

हातानंच तर शिवली

आमच्या भागात, सिडको-अंबडमध्ये, धुळे-जळगाव-नंदुरबारकडून कंपन्यांत कामाला आलेली कुटुंबं खूप. त्यांच्याबरोबर गोधड्याही आल्या. आता त्या नव्यानं शिवल्या जात नाहीत, याचं कारण फक्त 'नव्या पिढीला किंमत नाही' एवढंच नाही. जुनं सुती लुगडं उरलेलं नाही. सिंथेटिक साडी सुईखाली घसरते आणि घाम टिपत नाही. जुने कपडे भांडीवालीकडे जातात नाहीतर चिंध्यांच्या गाठोड्यातून वर्कशॉपमध्ये 'वेस्ट' म्हणून, मशीनचं ऑइल पुसायला. जड भिजलेली गोधडी वॉशिंग मशीनला झेपत नाही, आणि घटस्थापनेआधी सगळी अंथरुणं हातानं धुण्याची ताकद आता आईत नाही. ती स्वतः मऊ ब्लँकेट पांघरते. मला हे आधी खटकलं. आता वाटतं, दहा हजार टाके घातलेल्या बाईला तेवढा हक्क आहे.

तरी काही जणी शिवतात. आमच्या ओळखीच्या एक मावशी उत्तमनगरला राहतात, लोकांनी आणून दिलेल्या साड्यांच्या गोधड्या हातानं शिवून देतात. एकीला तीन-चार आठवडे जातात. मी त्यांना विचारलं, गिऱ्हाईक काय म्हणतं? त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हणतात, मावशी, मशीनवर थोडीच शिवली, हातानंच तर शिवली. एवढे कसले पैसे?"

हे वाक्य मी विसरू शकत नाही. जगभर ज्या 'हातानं'साठी लोक जास्त मोजतात, व्हिडिओत ज्या बोटांकडे मी तासन् तास पाहत होते, तोच हात इथे सूट मागायचं कारण होतो. कारण मशीनला वीज लागते, मशीन विकत घ्यावं लागतं. हात तर घरचाच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. गोधडीवर प्रेम करा, पण आधी ती उलटी करून बघा. रांगांमधलं अंतर मोजा. कुठलं कापड कडेला आहे आणि कुठलं मध्ये, ते बघा. दोरा कुठे बदलला, टाका कुठे लांब पडला, ते शोधा. शिवणारी हयात असेल तर तिला विचारा, आणि तिनं लोडशेडिंग म्हटलं तर लोडशेडिंगच लिहून ठेवा. हे एकदा दिसलं की मग 'हातानंच तर' असं तोंडातून निघणार नाही.

माझे षटकोन चालू आहेत. आतापर्यंत अकरा फुलं झालीत. इस्त्रीच्या टेबलावर आता जुनी सोलापुरी चादर आहे. कडेचं फाटलेलं युनिफॉर्म मीच दुरुस्त करायला घेतलंय, आणि टेरिकॉटमध्ये सुई खरंच जात नाही. आईला म्हटलं, तू दाखव ना. ती म्हणाली, "डोळे गेले माझे. शेजारी बसते, सांगते. शिवायचं तू."

काल तिनं माझ्या तीन रांगा उसवायला लावल्या.