मेटाव्हर्स आणि रसायन उद्योग : एक चिकित्सा

‘मेटाव्हर्स’ ही संज्ञा नील स्टीफन्सन यांच्या १९९२ सालच्या ‘स्नो क्रॅश’ या कादंबरीतून आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने ‘मेटा’ हे नाव धारण केले आणि ती उद्योगजगतात एकाएकी रुळली. जून २०२२ मध्ये सीमेन्स व एनव्हीडिया यांनी ‘औद्योगिक मेटाव्हर्स’साठी सहकार्य जाहीर केले. पुढे मेटाच्या संबंधित विभागाला २०२२ या एकाच वर्षी सुमारे १३७० कोटी डॉलरचा तोटा झाला व बाजारातील उत्साह ओसरला. परंतु रसायन उद्योगाचा कायापालट आभासी विश्वातून होईल, हे प्रतिपादन मात्र टिकून आहे. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा करावयाची आहे.

आभासी सभा, आभासी प्रदर्शने यांचा विचार येथे करण्याचे कारण नाही. त्यांनी रसायनाचा एक थेंबही बदलत नाही. संशोधनाच्या क्षेत्रातील दावा अधिक दखलपात्र आहे. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यक्तींना आभासी अवकाशात रेणू हाताळावयास दिले होते. नॅनोनलिकेतून मिथेनचा रेणू ओवणे, प्रथिनाच्या साखळीला गाठ मारणे अशी ती कामे होती. त्रिमितीय स्वरूपाची कामे पडद्यावर माउसने करण्यापेक्षा या पद्धतीने लवकर झाली. स्टिरिओकेमिस्ट्री फळ्यावर शिकविणाऱ्या कोणाही अध्यापकास याचे मोल सांगावे लागणार नाही.

मूळ प्रश्न आहे तो कारखान्याचा. प्रत्यक्ष प्लांटचे संगणकीय प्रतिरूप, म्हणजेच ‘डिजिटल ट्विन’, तयार करावे व कामगाराने त्यात धोकादायक प्रसंगांचा सराव करावा, हा या विचाराचा गाभा होय. त्याचे समर्थन करणारे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील आहे. २३ मार्च २००५ रोजी तेथील बीपीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एक युनिट पुन्हा सुरू करताना स्फोट होऊन १५ जण मृत्युमुखी पडले व १८० जखमी झाले. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या चौकशीत असे आढळले की, प्लांट सुरू करण्यासारख्या क्वचित येणाऱ्या व जोखमीच्या प्रसंगांचा सराव करण्यासाठी ऑपरेटरांना सिम्युलेटर उपलब्ध नव्हते. प्रशिक्षण विभागातील माणसेही कमी करण्यात आली होती. येथे आभासी सरावाची उपयुक्तता निर्विवाद मानावी लागते.

तथापि त्याच दुर्घटनेची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. स्फोटापूर्वी मनोऱ्यातील द्रवाची पातळी १५८ फुटांपर्यंत चढली असताना नियंत्रण कक्षातील पातळीदर्शक ७.९ फूट दाखवीत होता आणि तीही घटत असल्याचे सांगत होता. प्रतिरूप हे सेन्सरच्या आकड्यांवर जगते. असा पातळीदर्शक जोडलेला असता तर त्या आभासी मनोऱ्यातही द्रव तळाशीच दिसला असता, फक्त अधिक देखण्या रंगांत. प्रतिरूपाने वस्तुमानाचा ताळा मांडून विसंगती दाखविली असती, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण आत येणारे व बाहेर जाणारे प्रवाह मांडून पाहण्यास मेटाव्हर्स लागत नाही. रसायन अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी शिकविला जाणारा हा ताळा आहे.

भोपाळचे उदाहरण याहून कठोर आहे. डिसेंबर १९८४ मध्ये मिथिल आयसोसायनेटची शीतकरण यंत्रणा बंद होती, वायू शोषणारा स्क्रबर राखीव अवस्थेत होता व ज्वालास्तंभाची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. आराखड्यात मात्र तिन्ही यंत्रणा जागच्या जागी होत्या. गळतीची पहिली सूचना कामगारांना मिळाली ती डोळ्यांची आग होऊ लागल्यामुळे. चष्म्यासारखे यंत्र लावून घेतलेल्या प्रशिक्षणात हे ज्ञान कोठून येणार, हा प्रश्न मेटाव्हर्सवरील लेखनात क्वचितच विचारला जातो.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर एमआयडीसीतील अनेक लहान कारखाने बॅच पद्धतीने चालतात. एकाच रिअ‍ॅक्टरमध्ये या महिन्यात एक उत्पादन, पुढील महिन्यात दुसरे. नळजोडण्या बदलतात, नकाशे जुनेच राहतात. अशा ठिकाणी प्रतिरूप अद्ययावत ठेवणार कोण व त्याचा खर्च कोण करणार? डोंबिवलीत मे २०१६ व मे २०२४ मध्ये झालेले भीषण स्फोट याच लघू व मध्यम कारखान्यांच्या वस्तीत झाले, मोठ्या समूहांच्या संकुलांत नव्हे. तंत्रज्ञान प्रथम पोहोचते ते मात्र त्या संकुलांत.

शिवाय प्रशिक्षण कोणाचे, हाही मुद्दा उरतो. टेक्सास सिटीत मरण पावलेले १५ही जण कंत्राटी होते. मनोरा चालविण्याशी त्यांचा संबंध नव्हता. धोक्याच्या जागेपासून जेमतेम १२१ फुटांवर उभ्या केलेल्या तात्पुरत्या ट्रेलरमध्ये व त्याच्या आसपास ते होते आणि युनिट सुरू होत असल्याची कल्पनाही त्यांना देण्यात आली नव्हती.