कुजबूज आणि पुरावा

अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’ ही कादंबरी १९३० साली प्रसिद्ध झाली. सेंट मेरी मीड या इंग्लिश खेड्यात पाद्रीबाबांच्या अभ्यासिकेत कर्नल प्रोथेरो यांचा खून होतो आणि शेजारची वृद्ध कुमारिका मिस मार्पल त्याचा उलगडा करते, एवढेच कथानक. रहस्यकथा म्हणून ती बाजूस सारणे सोपे आहे; परंतु देवळाच्या सावलीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हे गाव परके वाटणार नाही.

खुनापूर्वी गावात वाद पेटतो तो चर्चच्या पैशांवरून. एका बाईने झोळीत एक पौंडाची नोट टाकलेली असते. जाहीर झालेल्या जमेत मात्र दहा शिलिंगांहून मोठी नोट नाही. चर्चचे विश्वस्त असलेले कर्नल हिशेब तपासण्याचा हट्ट धरतात. मागणी रास्त आहे. पण तिच्यामागे सचोटीपेक्षा दुसऱ्यास उघडे पाडण्याचा हव्यासच अधिक. फंडपेटीवरून महाजनांत पडलेली फूट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही मनोवृत्ती ओळखावयास वेळ लागणार नाही.

तथापि कादंबरीचे खरे मर्म पुराव्याच्या विचारात आहे. दोन व्यक्ती स्वतंत्रपणे गुन्हा कबूल करतात आणि दोन्ही कबुल्या घटनांपुढे टिकत नाहीत. अभ्यासिकेतील घड्याळ पाद्रीबाबा मुद्दाम पंधरा मिनिटे पुढे ठेवीत. ते हे सांगू पाहतात, पण इन्स्पेक्टर स्लॅक त्यांना बोलूच देत नाही. चहाच्या पेल्याभोवती जमणाऱ्या वृद्धा गावात नव्याने आलेल्या मिसेस लेस्ट्रेंजविषयी नाना तर्क लढवितात. तिचे दुःख त्या तर्कांहून फार निराळे निघते. खुद्द मिस मार्पलची बागेतील नजरही गुन्हेगाराने आधीच हिशेबात धरलेली असते. तिने पाहिले ते खरे; त्यावरून निघणारा अर्थ तेवढा खोटा! १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी तोंडी साक्ष प्रत्यक्ष असावी, ऐकीव नसावी, हे तत्त्व कायम आहे. ही कादंबरी त्यापुढे एक पाऊल टाकते: डोळ्यांनी पाहिलेलेही पारखून घ्यावे.

एक उणीव मात्र खटकते. कर्नल इतके अप्रिय रंगविले आहेत की त्यांच्यासाठी वाचकाच्या डोळ्यांत टिपूसही येत नाही. मृत्यू कोड्यापुरता उरतो आणि आपले मन निवांत राहते. हा निवांतपणा लेखिकेने फार स्वस्तात मिळविला आहे.

तरीही मिस मार्पलचा एक गुण अनुकरणीय आहे. तिला माणसांविषयी वाईट शंका येते. पण शंका म्हणजे निकाल नव्हे, हे ती जाणते. आपला तर्क न्यायालयात टिकणार नाही, हे ती स्वतःच मान्य करते आणि पुराव्याची वाट शोधते. देवळाच्या पायरीवर बसून शेजाऱ्याचा निवाडा करणाऱ्या आपणां सर्वांना एवढा संयम साधला, तर पुष्कळ घरे वाचतील.