‘शोध’ कोणाचा? : वडापावाच्या नोंदीविषयी

वडापावाविषयी एकच वाक्य ठिकठिकाणी आढळते : 1966 साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी त्याचा शोध लावला. विकिपीडियावरील नोंद दुरुस्त करायला बसलो, तेव्हा माझी हरकत वैद्यांच्या नावाला नव्हती, ‘शोध’ या शब्दाला होती. त्याच सुमारास सुधाकर म्हात्रे यांनीही वडापाव विकायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. शिवाय ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आलेले. वडा तेवढा आपला. त्यांना एकत्र आणणे ही गाडीवरची युक्ती. तिला शोध म्हटले, की सन आणि जनक दोन्ही हवेत!

विकिपीडियाला प्रकाशित संदर्भ लागतो, स्वतःचे संशोधन तेथे चालत नाही. नियम योग्यच, नाहीतर प्रत्येक गाडीवाला जनक ठरेल. पण एखाद्याची आठवण वर्तमानपत्रात छापून आली की ती संदर्भ होते, न छापलेली गप्प राहते. आमच्या नरडाण्यात वडे तळणाऱ्या म्हाताऱ्याला साल विचारा. तो बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, एवढेच सांगेल. त्याला तळटीप कुठून आणायची?

मी ‘शोध लावला’ खोडून ‘श्रेय दिले जाते’ असे लिहिले, म्हात्र्यांचे नाव जोडले. केतकरांच्या ज्ञानकोशात छापलेली ओळ छापलीच. इथे ‘इतिहास’ या कळीखाली खोडलेली ओळही तारीखवार शिल्लक राहते. मला तर नोंदीपेक्षा तेच पान अधिक वाचनीय वाटते. चर्चापानावर एक प्रश्न ठेवला आहे : 1966 हे साल पहिल्यांदा कोणी, कुठे छापले?