क्रांतिक ऊर्जेची गणना आणि सावित्रीचे पात्र

उघड्या पात्रातील जलप्रवाहाच्या शास्त्रात विशिष्ट ऊर्जेइतकी सुटसुटीत कल्पना क्वचितच आढळेल. तळापासून मोजलेली खोली आणि वेगशीर्ष यांची बेरीज म्हणजे विशिष्ट ऊर्जा. दिलेला विसर्ग ज्या खोलीवर या बेरजेच्या किमान मूल्याने वाहतो, ती क्रांतिक खोली. आयताकृती पात्रात ही किमान ऊर्जा क्रांतिक खोलीच्या बरोबर दीडपट असते. बेलांजे यांच्या १८२८ च्या निबंधात फुगवट्याच्या गणिताच्या ओघात या खोलीचे वैशिष्ट्य प्रथम प्रकट झाले आणि बाख्मेतेफ यांच्या १९३२ च्या ग्रंथाने विशिष्ट ऊर्जेची परिभाषा अभ्यासक्रमात स्थिर केली. वेन ते चाऊ यांच्या १९५९ च्या सुप्रसिद्ध ग्रंथात तर क्रांतिक प्रवाहाची गणना आणि तिचे उपयोग यांस स्वतंत्र प्रकरण लाभले आहे.

या परंपरेची थोरवी वादातीत आहे. चिकित्सा करावयाची ती तिच्या अध्यापनातील वापराची. विद्यार्थ्यास विसर्ग व रुंदी दिली जाते आणि तो क्रांतिक खोली काढून मोकळा होतो. ती खोली नदीत प्रत्यक्ष कोठे अवतरते, किंबहुना अवतरते की नाही, हा प्रश्न त्याला सहसा विचारला जात नाही. वास्तविक गणना हा या विषयाचा सोपा भाग असून नियंत्रण-छेदाचा निर्णय हा अवघड भाग आहे. पाठ्यपद्धतीत हे प्रमाण उलटे झाले आहे. त्याचा परिणाम काय होतो, हे पाहण्यास महाड-पोलादपूरच्या सावित्रीइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात शोधूनही मिळणे कठीण.

सावित्री महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते. तेथील वार्षिक पर्जन्यमान ५,५०० मिलिमीटरहून अधिक आहे. सुमारे १,३०० मीटरची उंची थोडक्या अंतरात सोडून ती पोलादपूरच्या खोऱ्यात उतरते. महाडास तिला गांधारी मिळते, दासगावच्या परिसरात काळ नदी मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीने ती समुद्रास जाते. महाड हे पूर्वी बंदर होते. भरतीचा प्रभाव खाडीतून किती आत पोहोचतो याची ती ऐतिहासिक साक्षच होय. म्हणजे एकाच नदीत, थोड्या मैलांच्या अंतरात, दोन भिन्न राज्ये नांदतात. वरच्या खडकाळ भागात प्रवाह पायरीपायरीने क्रांतिक अवस्था ओलांडतो व जलउसळीने पुन्हा शांत होतो. तेथे क्रांतिक खोली हे प्रत्यक्ष दिसणारे सत्य आहे. खाली महाडजवळ प्रवाह मंद व खोल असून त्याचे नियंत्रण खालच्या बाजूस, खाडीकडे आहे. तेथे क्रांतिक खोली ही कागदावरील संख्या उरते.

कागदावरील संख्या निरुपयोगी असते, असे मात्र नव्हे. तिचे काम निराळे असते, इतकेच. एक कल्पित उदाहरण घेऊ. १०० मीटर रुंदीच्या आयताकृती पात्रातून सेकंदास १,००० घनमीटर पाणी वाहत आहे. दर मीटर रुंदीस १० घनमीटर विसर्ग धरता क्रांतिक खोली २.१७ मीटर आणि किमान ऊर्जा ३.२५ मीटर येते. एखाद्या बांधकामाने पात्र ५० मीटरपर्यंत आवळले, तर त्या अरुंद जागी क्रांतिक खोली ३.४४ मीटर व आवश्यक किमान ऊर्जा ५.१६ मीटर होते. मूळ खोली ३.५ मीटर असल्यास उपलब्ध ऊर्जा अवघी ३.९२ मीटर भरते. प्रवाहास तेवढ्यावर पार होता येत नाही. वरच्या बाजूची खोली सुमारे ४.९५ मीटर होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड मीटरने, पाणी चढते. येथे क्रांतिक गणनेने थेट उत्तर दिले.

आता खाडीचे पाणी चढलेले असून त्याच पात्रात ६ मीटर खोली आहे, असे समजू. उपलब्ध ऊर्जा ६.१४ मीटर, आवश्यक ऊर्जा ५.१६ मीटर. प्रवाह अडत नाही. परीक्षेच्या वहीत येथे उत्तराखाली रेघ ओढली जाते आणि अडथळा निरुपद्रवी ठरतो. परंतु अरुंद जागेतून साडेतीन मीटर वेगाने आलेले पाणी पुढे एकदम पसरते, तेव्हा केवळ त्या विस्तारातच सुमारे ०.१८ मीटर ऊर्जा नष्ट होते. ती भरून काढण्यासाठी वरची पातळी जवळपास तेवढीच वाढावी लागते. तळाचा उतार अल्प असेल, तर ही वाढ पात्रात दूरवर मागे पोहोचते. सखल बाजारपेठेत वीतभर पाणी म्हणजे उंबऱ्याबाहेरचे पाणी आणि उंबऱ्याआतले पाणी यांतील फरक असू शकतो.

या ठिकाणी गणिताचा प्रश्न लोकांच्या प्रश्नास भिडतो. दासगावजवळील रेल्वेचा भराव आणि पूल यांमुळे पुराचे पाणी तुंबते, अशी तक्रार महाडकर करीत आले आहेत. विशेषतः २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर ती तीव्र झाली. तिचा निवाडा प्रत्यक्ष मोजणीनेच होऊ शकेल. मात्र क्रांतिक कसोटीत प्रवाह अडत नाही, एवढ्यावरून कोणतेही बांधकाम दोषमुक्त होत नाही आणि प्रवाह अडतो, एवढ्यावरून पुराचे सारे खापर त्याच्या माथी मारता येत नाही. ही कसोटी एका विशिष्ट प्रकारच्या अडथळ्याची आहे. उरलेला हिशेब ऊर्जाहानीचा व फुगवट्याचा आहे.

दुसरा दोष पात्राच्या आकाराविषयीचा. सर्वसाधारण पात्रास लागू पडणारी अट अशी: विसर्गाचा वर्ग गुणिले जलपृष्ठाची रुंदी, भागिले गुरुत्वत्वरण गुणिले छेदक्षेत्राचा घन, याचे मूल्य एक. दगडी कमानीत पाणी जसजसे वर चढते, तसतशी पृष्ठरुंदी घटत जाऊन माथ्याशी शून्य होते. परिणामी विसर्ग कितीही मोठा घेतला, तरी समीकरण क्रांतिक खोली माथ्याच्या खालीच दाखविते. कमान तुडुंब भरून प्रवाह दाबाखाली गेला आहे, हे समीकरण कधीच सांगणार नाही.

उलट, नदी काठ ओलांडून भातखाचरांत पसरली की पृष्ठरुंदी एकाएकी वाढते. अशा संयुक्त छेदात विशिष्ट ऊर्जेच्या वक्रास एकाहून अधिक किमान बिंदू संभवतात, हे ब्लॅलॉक व स्टर्म यांनी १९८१ मध्ये दाखविले. मग ‘ती’ क्रांतिक खोली कोणती, हा प्रश्नच संदिग्ध होतो. वेगवाटपाचा गुणक एक मानण्याची सवय येथे विशेष घातक ठरते.

तिसरी गोष्ट तळाची. विशिष्ट ऊर्जा तळापासून मोजली जाते. तो तळच अस्थिर असेल तर काय? २०२१ च्या त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे व पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. डोंगर असे सुटतात तेव्हा दगडमातीचा काही भाग अखेर नदीतच येतो. त्या पुरानंतर महाडजवळ पात्रातील गाळ काढण्याचे काम हाती घ्यावे लागले. अशा नदीत एका वर्षीच्या छेदावरून केलेली गणना पुढील वर्षी खरी राहीलच, असे मानता येत नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळील सावित्रीचा जुना दगडी कमानीचा पूल पुरात कोसळला व एस.टी.च्या दोन गाड्यांसह काही वाहने वाहून गेली. पायाखालची धूप, चुन्याच्या सांध्यांची झीज, वाहत्या ओंडक्यांचा मारा यांपैकी काहीही विशिष्ट ऊर्जेच्या समीकरणात मावत नाही. एखादा पूल पाणी पुरेसे वाहू देतो, म्हणून तो उभा राहील, हे अनुमान त्या समीकरणातून निघत नाही. जून २०१७ मध्ये तेथे नवा पूल खुला झाला.

हा पूल बांधला गेला, ते १९२८ हे वर्ष या चर्चेत अन्य कारणानेही स्मरणीय आहे. त्याच वर्षी इंग्लिस यांची स्थिरतरंग मापननाल्यांवरील पुस्तिका मुंबई सरकारच्या बांधकाम खात्याने प्रसिद्ध केली. नाल्याचा कंठ इतका आवळावयाचा की तेथे क्रांतिक अवस्था येणे भाग पडावे आणि केवळ वरच्या पातळीवरून विसर्ग कळावा, हे त्या योजनेचे सार. खालचे पाणी ठराविक मर्यादेपलीकडे चढले, तर नाल्याचे माप ग्राह्य धरता येत नाही, हे या पद्धतीत मुळातच गृहीत आहे. पुढे खडकवासल्याच्या संशोधन केंद्राचे संचालकपद भूषविणाऱ्या या अभियंत्याने क्रांतिक प्रवाह गृहीत धरला नाही, तो घडवून आणला व त्याची मर्यादा आखून दिली.

अध्यापनात हाच क्रम यावयास हवा. प्रथम नदीचा अनुदैर्घ्य छेद व पुराच्या खुणा, नंतर नियंत्रण कोठे आहे याचा निर्णय, त्यानंतर छेदाचा आकार व तळाची स्थिरता, आणि सर्वांत शेवटी क्रांतिक ऊर्जेची गणना. सेकंदास १,००० घनमीटरचा प्रश्न सोडविणाऱ्या विद्यार्थ्यास पोलादपूर व महाड येथील उत्तरांचे अर्थ वेगळे का, एवढे जरी सांगता आले, तरी विषय त्यास कळला असे म्हणता येईल.