पाळण्यातले दिवस

पाळणा या रचनाप्रकाराकडे आपल्या समीक्षेने फारसे गांभीर्याने पाहिले नाही. बारशाला बायकांनी म्हणावयाचे गाणे, रामनवमीच्या कीर्तनात जन्मकाळी म्हणावयाचे पद, एवढ्यावर त्याची बोळवण होते. वस्तुतः जन्म हा प्रसंग मराठीत ज्या प्रकाराने सर्वाधिक सांभाळला तो हाच; आणि त्याची घडण नीट पाहिली तर हे निव्वळ आनंदाचे गाणे नव्हे, हे ध्यानात येते.

अनेक पारंपरिक पाळणे दिवसांच्या क्रमाने चालतात. पहिला, दुसरा, तिसरा असे करीत बाराव्या दिवशी नाव ठेवून गाणे थांबते. अंगाईला असा क्रम लागत नाही. बाळ झोपले की ती संपते. मग पाळण्यालाच तो का लागावा? ही रचना घडली त्या काळी बारावा दिवस उजाडेलच याची शाश्वती नव्हती. पाचवी-सहावीला सटवाई पुजावयाची, तिच्यापुढे कोरा कागद नि लेखणी ठेवावयाची, या चालीमागे तीच धास्ती आहे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. त्यांचे मूल दहा दिवस जगले. पाळण्याच्या हिशेबाने त्याची शेवटची दोन कडवी म्हणावयाची राहून गेली. पुढे १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेताना आनंदीबाईंनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा.

रामाच्या पाळण्यात सारे राजवैभव आहे, त्यामुळे तो सुखाने हलतो. कृष्णाचे तसे नाही. देवकीची सहा मुले मारली गेलेली, सातवा गर्भ रोहिणीकडे गेलेला, आठवा मध्यरात्री बंदिशाळेत जन्मलेला. आणि पाळणा बांधला जातो तो गोकुळात. जिने सोसले तिच्या हाती पाळण्याची दोरी नाही. या विसंगतीचे मोठे काव्य होऊ शकले असते. माझ्या ऐकण्यातल्या पाळण्यांनी मात्र ती ओलांडून थेट यशोदेचे अंगण गाठले आहे.

शिवाजीच्या पाळण्यातही हेच घडते. १६२९ च्या जुलैत निजामशाही दरबारात लखुजी जाधव मुलांसह मारले गेले. त्यानंतर काही महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर त्यांच्या लेकीला मुलगा झाला. आणि लगोलग दख्खनवर दुष्काळ कोसळला. जे पाळणे मी ऐकले त्यांत पराक्रमाची भविष्ये पुष्कळ आहेत, बाळंतिणीच्या माहेरच्या शोकाचा उच्चार नाही. गौरवगीताकडून ती अपेक्षा करू नये असे कोणी म्हणेल. पण गौरव कशातून निभावून आल्याचा, हेच गाळले तर उरते काय?

बाळंतिणीची आठवण राहिली ती शब्दांत नव्हे, प्रसादात. रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला वाटतात तो सुंठवडा, म्हणजे बाळंतिणीच्याच खाण्यातली सुंठ. देवाच्या जन्मालाही कोणी तरी बाळंत झाली होती, हे स्वयंपाकघराने ध्यानात ठेवले.

शब्दांत तिला शोधावयाचे तर जात्याकडे जावे लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी पुढाकार घेऊन जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक भरतात. पाळणा चारचौघींत म्हणावयाचा, ओवी पहाटे जात्याशी. तेव्हा पाळण्यात न मावलेले दुखणे ओवीत उतरावे यात नवल नाही.

अलीकडे आपल्या मंडळांच्या उत्सवांत, आणि बारशांतही, पाळण्याचे पहिले व शेवटचे कडवे म्हणून मधली गाळण्याची रीत पडत चालली आहे. वेळ वाचतो, हे खरे. परंतु अपुऱ्या दिवसांचे मूल काचेच्या पेटीत असते, घरचे लोक दवाखान्याच्या बाकावर एकेक दिवस मोजत असतात आणि बारसे महिना-दीड महिना लांबते. अशा घरात अखेर पाळणा बांधला गेला, की मधला एकही दिवस गाळावा असे कोणालाच वाटणार नाही. तेथे ती मोजणी म्हणजेच स्वागत.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव येथील जुन्या घरांतून असे पाळणे वह्यांत उतरवलेले असावेत. ते छापावयाचे झाल्यास संपादकाने पाठभेद जुळवून एकच शुद्ध पाळणा सिद्ध करण्याच्या भरीस पडू नये. एखाद्या आजीने सातवा दिवस निराळा म्हटला असेल, तर तो तिच्या घरचा सातवा दिवस म्हणून तसाच ठेवावा.